शंभरातली लाल बटणं

मामा,

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वडप्याच्या विहारासमोर मांडव घातला होता. खुर्च्या कमी पडल्या, मागची माणसं उभीच राहिली. वंदना झाली, मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उठला. गोडाऊनमधले तुझे सोबती बोलले, गल्लीतली मंडळी बोलली, आणि मग माईकवरून माझं नाव पुकारलं. 'मामांची लाडकी भाची, आपल्या घरातली पहिली प्राध्यापिका, सुजाता दोन शब्द बोलेल.' दोन कसले, मी चांगली दहा मिनिटं बोलले. तुझी नजर किती पक्की, तुझा अंदाज किती नेमका, वीस खोकी हलवून तू अख्ख्या ट्रकात किती माल फुटलाय ते कसं सांगायचास, सगळं रंगवून सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. मामी पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती. जे सांगायला हवं होतं तेवढं वगळलं आणि खाली येऊन बसले.

वगळण्यात मी आता तरबेज झाले आहे. तुलाही एकदा वगळलंय, ते तुला माहीतच नाही. म्हणून हे लिहिते.

तू ड्युटीवर असतानाच गेटजवळ कोसळलास. आम्ही पोचलो तेव्हा तू बोलत नव्हतास. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजुतीच्या. म्हणाल्या, हा मेंदूचा मोठा झटका आत्ता आला असला तरी आधी लहान लहान येऊन गेलेले दिसतात. मग त्यांनी विचारलं, 'गेल्या काही महिन्यांत यांना एका बाजूचं दिसत नाही, डाव्या बाजूला धडकतात, असं कुणाला जाणवलं होतं का?' मामी म्हणाली, 'न्हाय ओ, चांगले हिंडतफिरत होते.' आई म्हणाली, नाही. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्याला कॉलेजची पिशवी होती आणि पिशवीत तुझ्या उत्तरांचे कागद होते. मी मान हलवली. नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

आपलं हे सगळं कुठून सुरू झालं ते आठवतंय? मी तुझ्या गोडाऊनला आले होते, पीएच.डी.चा विषय शोधत हिंडत होते तेव्हा. काचेच्या ग्लासांचा ट्रक लागला होता. तू फळीवर चढलास, पुढून मागून, वरून खालून मिळून वीस खोकी काढायला लावलीस, एकेक खोकं कानाशी धरून हलवलंस आणि ड्रायव्हरला म्हणालास, 'उस्ताद, सौ में चार.' ड्रायव्हर हुज्जत घालायला लागला तर म्हणालास, 'खोल के देख ले, मैं इधरीच खड़ा हूँ.' त्याने काही खोलून पाहिलं नाही. चलानवर सही करून गेला. मी तिथे उभी होते, एम.एस्सी. झालेली, नमुना निवडीवर वर्गात तास घेणारी. तू दहावी नापास. माझ्या पुस्तकातलं सगळं तू कानाने करत होतास.

आणि मग मी काय केलं, तर तुझी परीक्षा घेतली. तू जेवायला गेलास तेवढ्यात हमालांना तीच वीस खोकी वेगळ्या क्रमाने लावून ठेवायला सांगितली आणि तू आल्यावर 'मामा, ही दुसऱ्या ट्रकातली आहेत' म्हणून थाप मारली. तू परत सगळी हलवलीस. 'चार. जास्तीत जास्त.' मी टाळ्याच वाजवल्या. तुला कळलं तेव्हा तुझं तोंड असं झालं की पुढचे दोन दिवस तू फोन उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी आईकडे आलास आणि दारातूनच म्हणालास, 'ताई, तुझ्या पोरीनं माझी परीक्षा घेतली, अन् मी पास झालो, बोललीय का तुला?'

माझा विषय तिथेच ठरला. लोक अंदाज करतात, तो चुकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चुकणं वेगळं आणि डळमळणं वेगळं. एखादा माणूस दरवेळी दहा जास्तच सांगतो. त्याची सवय कळली की आपण दहा वजा करून मोकळे होतो. दुसरा आत्ता चाळीस म्हणतो आणि घटकाभराने त्याच गोष्टीला साठ म्हणतो. त्याचं काय करायचं? हा डळमळीतपणा किती, तो मोजायचा, हे माझं काम. त्यासाठी मी शर्टाची लाल आणि पांढरी बटणं पसरून फोटो काढले आणि त्यांची कार्डं केली. कार्ड समोर धरायचं, पाच मोजेपर्यंत बघू द्यायचं आणि विचारायचं, शंभरातली लाल किती? प्रत्येक कार्ड एका बैठकीत दोनदा यायचं. दुसऱ्यांदा ओळखू येऊ नये म्हणून ते उलटं फिरवलेलं असायचं, वरची बाजू खाली आणि डावी उजवीकडे. दोन उत्तरांतला फरक जितका मोठा, तितका माणूस डळमळीत. साधं होतं सगळं.

माझ्या यादीत चाळीस माणसं होती. पॉवरलूमवाले, भाजीवाले, माझे विद्यार्थी, आमच्या सोसायटीचा वॉचमन. पण पहिला तू. दर रविवारी विहारातली वंदना आटोपून तू काल्हेरला आमच्याकडे यायचास, येताना भिवंडीतून खारीचा पुडा आणायचास, आणि आई चहा टाकेपर्यंत आपण कार्डं घेऊन बसायचो. 'हे मघाचंच न्हाय का गं?' असं तू मुद्दाम विचारायचास. मी म्हणायचे, 'बोलू नकोस, आकडा सांग.' 'बेचाळीस.' दुसऱ्यांदा, 'एक्केचाळीस.' तुझ्या आकड्यांचा ठिपक्यांचा तक्ता काढला तर ठिपके एका सरळ रेषेत, शाळेतल्या मुलींसारखे. माझ्या पीएच.डी.च्या सरांना दाखवला तर ते म्हणाले, हा मनुष्य कोण आहे? मी नाक वर करून सांगितलं, माझा मामा.

वाद मात्र आपला कधीच मिटला नाही. तू म्हणायचास, विचारलं की एकच आकडा सांगावा. मी म्हणायचे, प्रामाणिक माणूस 'तीस ते पन्नासच्या दरम्यान' असं सांगतो. त्यावर तू भडकायचास. 'ट्रक दारात उभा हाय, ड्रायव्हर घाई करतोय, आणि तू त्याला तीस ते पन्नास सांगणार? तो बोलेल, मॅडम, घरी जा आणि ठरवून या.' मी म्हणायचे, 'आणि तुझा एक आकडा चुकला तर?' तू म्हणायचास, 'चुकला तर माझ्या नावावर चुकला ना. तुझा तो दरम्यान कुणाच्या नावावर चुकतो?'  मी विषय बदलून खारी खाल्ली होती.

यंदाच्या थंडीत तुझे ठिपके विस्कटायला लागले. आधी थोडे, मग फारच. पहिल्यांदा अडतीस, दुसऱ्यांदा पंचावन्न. पहिल्यांदा बासष्ट, उलटं फिरवल्यावर एकतीस. मी चिडायचे. 'मामा, मन कुठे आहे तुझं?' तू म्हणायचास, 'अगं दिसतं तेच सांगतोय.' मी म्हणायचे, 'दोनदा दोन वेगळं कसं दिसेल?' 

त्याच दिवसांत तू आमच्या दारातून आत येताना दरवेळी चपलांच्या कपाटावर डावा खांदा आपटायचास. 'काल्हेरच्या बिल्डरनी दरवाजे बारीक बनवलेत,' असं म्हणायचास आणि आम्ही हसायचो. एकदा चहाचा कप तुझ्या डाव्या हाताशी ठेवला होता. तो पार निवला, वर साय आली, आणि तू म्हणालास, 'ताई, आज चहा न्हाय का मिळणार?' मी म्हटलं, 'मामा, म्हातारा झालास, समोरचा कप दिसेना.' आई मला ओरडली. तू कप उचललास आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकलास.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तो चहाचा रविवार संपल्यावर मी तुझा कागद बघत बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं. तुझी पहिली उत्तरं कार्डाच्या उजव्या भागाशी जुळत होती. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'डावीकडची बटणं बघत नाही?' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मामा, ते माझंच अक्षर आहे. मला काही सुचलंच नव्हतं, कळायचा मार्गच नव्हता, असं मी कुणाला सांगू शकत नाही.

पण मी घाईत होते. प्रबंधाचं प्रकरण सरांना द्यायचं होतं आणि तुझ्यामुळे माझा सुंदर तक्ता बिघडत होता. सर म्हणाले, जे लक्ष देत नाहीत त्यांना सरळ वगळा, सगळेच वगळतात. त्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी पेनाने लिहिलं, 'वगळले. लक्ष नाही.' तुझ्याबद्दल लिहिलं मी हे. वीस खोकी कानाशी धरणाऱ्या माणसाबद्दल.

त्यानंतर आठवड्याभरातच तू मधल्याच वारी घरी आलास. कधी नव्हे तो खारीशिवाय. एक ट्रक तू 'साफ आहे' म्हणून पास केला होतास आणि त्यातली डावीकडची अख्खी रांग फुटलेली निघाली. साहेब काही वाईट बोलला नाही. म्हणाला, मामा, आता तुम्ही गेटवर बसा, आराम करा. हे सांगताना तू हसलास, पण खुर्चीत नीट टेकला नाहीस. आई आत होती. तू हळूच म्हणालास, 'बाय, तुझ्याकडं तर माझं सगळं लिवलेलं हाय. बघून सांग ना, माझी नजर गेलीय का? तीस ते पन्नास नको सांगूस. एकच सांग. हो का न्हाय?'

आणि मी, जिने जन्मात कुणाला एक आकडा दिला नाही, तिने तुला दिला. 'नाही मामा. नजर उत्तम आहे तुझी. लक्ष देत नाहीस तू, बस.' पेपर तपासत होते मी. बोलताना मान वरही केली नाही.

तू केवढा मोठा श्वास सोडलास. 'मग बरं,' म्हणालास. 'लक्ष काय, देतो लक्ष.'

पुढच्या रविवारी तू आलास ते तयारीने. चष्मा धुतलेला. रेडिओ बंद करायला लावलास, आईला मधे बोलू नकोस म्हणालास, आणि ताठ बसून एकेका कार्डाकडे असा बघत राहिलास की तुझ्या कपाळाची शीर दिसत होती. 'आता बघ,' म्हणालास. तुला आधीच वगळलंय हे मी तुला सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं, म्हणून कार्डं दाखवत राहिले, आकडे लिहीत राहिले. तो कागद मी कॉम्प्युटरवर चढवलाही नाही. तसाच पिशवीत पडून होता, आणि दवाखान्यातही तीच पिशवी माझ्या खांद्याला होती.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी तो कागद काढला. प्रत्येक कार्डावर मधोमध पट्टी ठेवून बटणं मोजली. उजवीकडची वेगळी, डावीकडची वेगळी. मामा, तुझा एकही आकडा डळमळला नव्हता. पहिल्यांदा उजव्या अर्ध्याचा, आणि कार्ड उलटं झालं की उरलेल्या अर्ध्याचा, दोन्ही आकडे एकदोन बटणांच्या फरकाने बरोबर होते. इतका नेमका तू पूर्वीसुद्धा नव्हतास. तुला अर्धंच दिसत होतं, आणि जेवढं दिसत होतं त्यावर तू जीव तोडून लक्ष देत होतास. माझ्या शिक्षणाचा, माझ्या त्या तक्त्यांचा मला असा राग आला की मी कार्डांची पेटी भिंतीवर फेकली. आई धावत आली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

मग मी एक खुळ्यासारखं सुरू केलं. रोज सकाळी स्वतःला विचारायचं, मी त्या दिवशी बोलले असते, तुला डॉक्टरकडे नेलं असतं, तर तू वाचण्याची शक्यता शंभरात किती? एका चिठ्ठीवर आकडा लिहायचा, घडी करायची, बटणांच्या बरणीत टाकायची, कालचा आकडा बघायचा नाही. काल विहारातून आल्यावर सगळ्या उघडल्या. दहा. सत्तर. पंचवीस. नव्वद. परत दहा. पन्नास. माझ्या चाळीस माणसांत एवढं डळमळीत कुणी नव्हतं. माझाच नियम लावला तर मला पहिलं वगळायला हवं. ज्या दिवशी स्वतःची कीव आली त्या दिवशी दहा लिहिलंय, ज्या दिवशी झोडपून घ्यावंसं वाटलं त्या दिवशी नव्वद. यातला तुझा आजार कुठला आणि माझं मन कुठलं, हे मला वेगळं काढता येत नाही.

पण तुझा तो प्रश्न आठवला. दरम्यान कुणाच्या नावावर चुकतो? म्हणून आज सकाळी रिक्षा करून वडप्याला गेले, मामीकडे. पिशवीत तो शेऱ्याचा कागद, तो शेवटचा कागद आणि एक कार्ड होतं.

मामी भाकऱ्या करत होती. मला बघून म्हणाली, 'बस, जेवूनच जा.' मग आपोआप तुझाच विषय निघाला. म्हणाली, 'काल तू एवढं चांगलं बोललीस त्यांच्याबद्दल. पण खरं सांगू का सुजा, शेवटी शेवटी ते माझ्यावर रागावले होते. तसं बोलून दाखवत न्हवते, पण ताटात टाकायचे. भाजी, भात, सगळं अर्धं तसंच टाकून उठायचे. मी इचारायची, आवडलं न्हाय का? तर बोलायचे, जेवलो की सगळं. खोटं बोलायचे गं माझ्याशी. मी पण मग चिडून दोन दोन दिवस गप राहायची. असंच गप राहता राहता गेले.'

मला विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं. 'मामी, कुठल्या बाजूचं टाकायचा?'

तिने हात तव्यावरून उचलला आणि हवेतच ताट असल्यासारखा डावीकडे नेला. 

मी कार्ड काढलं. तिच्यासमोर धरलं, डावं अर्धं तळव्याने झाकलं, मग उलटं फिरवून परत झाकलं. तुझे आकडे वाचून दाखवले. समासातली पेन्सिलीची ओळ वाचली, खालची पेनाची पण वाचली. तू गेटवर गेलास त्या आठवड्यात मला काय विचारलं होतंस आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं. दवाखान्यात मान हलवली होती ते सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, ती तिने काढली नाही.

ती म्हणाली, 'तू तेव्हाच बोलली असतीस तर वाचले असते का?'

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. सांगता येत नाही, बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं, कदाचित. ती म्हणाली, 'ते प्रोफेसरचं नको. एक काय ते सांग.' तुझंच वाक्य तिच्या तोंडून आलं.

मी म्हटलं, 'ते मला खरंच माहीत नाही, मामी. पण मला दिसलं होतं. दिसलं होतं, आणि मी बोलले नाही.'

मला वाटलं ती मला हाकलून देईल. हाकलायलाच हवं होतं. ती उठली, मोरीवर जाऊन तोंड धुतलं, परत आली. रॅकमधून तुझं ताट काढलं, तेच ते, कडेला नाव कोरलेलं. ते जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली. मग एका बोटाने कड धरून ते हळूहळू अर्धं फिरवलं, डावं उजवीकडे येईपर्यंत.

'मी नुसतं एवढं केलं असतं,' ती म्हणाली, 'तर जेवले असते ना गं सगळं?'

'हो,' मी म्हटलं.

तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं, मामा, एकच.